हेमाद्रीचा समुद्र आणि एकसरची जहाजे

दहिसरहून एकसरला जायला आता मेट्रोने जेमतेम दहा मिनिटे लागतात. कांदरपाडा, मंडपेश्वर आणि मग एकसर. मी पहिल्यांदा गेलो तो सायकलवरून, कॉलेजात होतो तेव्हा. एका मित्राच्या मावशीकडे काहीतरी पोचवायचे होते. परतताना वाडीत उभ्या शिळा दिसल्या. तेल पाजलेल्या, फुले वाहिलेल्या. आपल्याकडे वेशीवर असतात तसे कुणीतरी देव असतील म्हणून मी हात जोडले आणि निघालो. पण निघता निघता नजर खालच्या पट्टीवर गेली. तिथे जहाजे होती. वल्ह्यांच्या ओळी, डोलकाठ्या, आणि जहाजांवर दाटीने उभे असलेले शस्त्रधारी. देवाच्या पायाशी जहाजे कशाला, हा प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आलो, आणि एका अर्थाने तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. तीस वर्षे एका खाजगी कंपनीत आरेखक म्हणून नोकरी केली. मिराशींचे ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ हे पुस्तक ग्रंथालयातून इतक्या वेळा आणले, की शेवटी ग्रंथपालांनीच जुनी प्रत कुठे विकत मिळेल ते सांगितले. जुनी नागरी अक्षरे त्यातल्या ठशांवरून गिरवत शिकलो. संस्कृत अजूनही कोशाला धरून वाचतो. हे सगळे सांगायचे कारण एवढेच, की पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी स्वतःची आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका स्थानिक स्मरणिकेत मी दोन पानी लेख लिहिला. त्यात एक वाक्य होते : ‘इ.स. १२६५मध्ये देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या आरमारी युद्धाचे हे स्मारक होय.’ वाक्य ठसठशीत होते, त्यामुळे ते लोकांना आवडले. पुढे ते इतरांच्या लेखांत, भाषणांत, मोबाइलवरच्या संदेशांत माझ्या नावाशिवाय फिरू लागले. माझे नाव गेल्याचे दुःख नाही. गेल्या वर्षी परिसरातल्या एका मंडळाने शिळांजवळ माहितीफलक लावायचे ठरवले आणि मजकूर तपासायला माझ्याकडे पाठवला. पहिलेच वाक्य ते. त्याखाली भर घातली होती : ‘महाराष्ट्राच्या पहिल्या आरमारी विजयाची साक्ष.’ मी लाल पेन घेऊन बसलो आणि पेन तिथेच थांबले. विजय कुणाचा? आणि १२६५ हे साल मी आणले तरी कुठून?

त्या थांबण्यातून हा लेख निघाला.

आधी सालाचे बघू. सोमेश्वराचे दोन शिलालेख उरण परिसरात मिळाले, एक रानवडचा आणि दुसरा चांजे येथला. रानवडचा शके ११८१चा, चांजेचा शके ११८२चा, म्हणजे इ.स. १२५९ आणि १२६०. चांजेच्या लेखाचा विषय अगदी घरगुती आहे. एका बागेच्या ठरीव उत्पन्नापैकी १६२ पारुत्थ द्रम्म ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला लावून दिल्याची ती नोंद. (द्रम्म हे नाणे, शिलाहारांच्या लेखांत ते वारंवार भेटते.) राजाची बिरुदे, प्रधानांची नावे, बाग, देव, आकडा. चौदाशे गावांच्या कोकणावर राज्य करणारा हा राजा पाच-सहा वर्षांत समुद्रात बुडून मरणार आहे याची त्या दगडाला काही कल्पना नाही. ती असणार तरी कशी! पण मला तो लेख वाचताना दर वेळी बागेचाच विचार येतो. ती बाग बहुधा पुढेही फळत राहिली असेल. उत्पन्न उत्तरेश्वराला पोचत राहिले का, आणि कुणाच्या शिक्क्याने?

चांजेनंतर सोमेश्वराचा लेख नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर महादेव यादव गादीवर आला १२६०-६१च्या सुमारास आणि त्याची कारकीर्द १२७०-७१ला संपली. त्यानंतरचा पक्का पुरावा ठाण्याच्या ताम्रपटाचा, शके ११९४ म्हणजे १२७२चा. त्या वेळी रामदेवराव यादव देवगिरीला राज्य करतो आहे आणि ठाण्यात त्याचा अधिकारी अच्युत नायक बसलेला आहे. म्हणजे एका टोकाला चांजेचा दगड, दुसऱ्या टोकाला महादेवाच्या कारकिर्दीची अखेर, आणि मधल्या दहा वर्षांत केव्हातरी एक राजघराणे संपले. १२६५ ही त्या दहा वर्षांच्या मधोमध ठोकलेली खुंटी आहे. इतिहासकारांनी ती ठोकताना ‘सुमारे’ हा शब्द वापरला होता. तो शब्द वाटेत गळाला. माझ्या स्मरणिकेतल्या लेखात तो गाळणारा मीच.

त्याच साली फ्लॉरेन्समध्ये दान्ते जन्मला. इराणात मंगोल खान हुलागू मेला. इजिप्तच्या सुलतान बैबर्सने ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांकडून कैसरियाचे बंदर हिसकावले. तिकडच्या बखरकारांनी महिने आणि वार लिहून ठेवल्यामुळे एकेका वर्षावर जाडजूड पुस्तके लिहिता येतात. आपल्याला एका वर्षाचे राजकारण बागेच्या उत्पन्नावरून आणि दानपत्राच्या तिथीवरून काढावे लागते. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. पण पुराव्याची जात वेगळी असली तर वाक्यांची जातही वेगळी असायला हवी, आणि तिथेच माझे घसरले.

घटनेच्या अगदी जवळचा, बोलका म्हणावा असा साक्षीदार एकच : हेमाद्री, आपला हेमाडपंत. महादेवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा प्रचंड धर्मशास्त्रग्रंथ. त्यातल्या व्रतखंडाच्या आरंभी यादव राजांची प्रशस्ती आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तेव्हा या प्रशस्तीचा भरपूर आधार घेतला. कोकणच्या पाडावाबद्दल आपण जे बोलतो ते बहुतेक सगळे इथूनच आलेले आहे.

आणि ही प्रशस्ती सांगते काय? एका ठिकाणी ती म्हणते, की कोकणचा राजा सोम समुद्रात पोहण्यात पटाईत होता, तरी महादेवाच्या मत्त हत्तींच्या गंडस्थळांतून वाहणाऱ्या मदाच्या नद्यांत तो सैन्यासह बुडाला. दुसऱ्या ठिकाणी कल्पना अशी, की महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा समुद्रातला वडवानल बरा असे समजून सोमेश्वराने समुद्राचा आश्रय घेतला. काव्य म्हणून हे वाईट नाही. पहिल्या कल्पनेत तर एक खट्याळपणा आहे. पोहणाऱ्याला समुद्राने बुडवले नाही, हत्तींच्या घामाने बुडवले! हे लिहिणारा हेमाद्री पुढे हस्तिपकाध्यक्ष, म्हणजे हत्तीदलाचा प्रमुख म्हणूनही ओळखला गेला, हे लक्षात घेतले की त्याला हत्तींचे इतके कौतुक का, ते कळते. आपल्या खात्याची बढाई कुठल्या कारकुनाला आवडत नाही?

पण या काव्यात समुद्र कुठे आहे? पहिल्या कल्पनेत समुद्राच्या जागी मद आला, दुसरीत अग्नी आला. जहाजे नाहीत, वल्ही नाहीत, वारा नाही, भरती-ओहोटी नाही. एका राजाने दुसऱ्याला संपवले, बाकीचे ‘सैन्यासह’ या एका शब्दात गेले. घाटावरच्या दरबारात बसून लिहिलेला हा समुद्र आहे. गोदावरीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला समुद्र पुराणातून आणि उपमेतून माहीत असतो, तसा. ‘सैन्यासह बुडाला’ यावरून आरमारी लढाई झाली असा निष्कर्ष काढता येतो, आणि तो बहुधा बरोबरही आहे. मात्र हेमाद्रीला त्या लढाईत काडीचा रस नाही.

शिवाय हा साक्षीदार मालकाचा आहे. त्याच प्रशस्तीत तो म्हणतो, की आंध्रांनी रुद्रमा या स्त्रीला गादीवर बसवले, कारण महादेव स्त्रीवर शस्त्र धरत नाही हे त्यांना ठाऊक होते. काकतीयांकडची परंपरा नेमके उलट सांगते. रुद्रमादेवीने महादेवाला पळवून लावले आणि देवगिरीपर्यंत पाठलाग करून खंडणी घेतली, असे तिचे म्हणणे. दोहोंपैकी खरे कोणते, हा इथला विषय नाही. पण तिकडे दुसरी बाजू सांगणारे तेलुगू ग्रंथ उरले. शिलाहारांची बाजू सांगायला कुणी उरले नाही. ज्याचे ग्रंथकार त्याच्याबरोबर बुडाले, त्याची गोष्ट त्याला बुडवणाऱ्याच्या लेखणीतून ऐकायची वेळ येते.

देवगिरीला कोकण हवे कशाला होते, हे सोपे आहे. सोपारा, ठाणे, चौल ही बंदरे. घाटावरच्या कापसाला, कापडाला समुद्र गाठायचा तर या वाटेने, आणि समुद्रापलीकडून येणारे अरबी घोडे चढायचे तेही याच वाटेने. यानंतर दोन-तीन दशकांनी मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिले आहे, की तिथल्या राजाचा समुद्रातल्या चाच्यांशी करार आहे : लुटीत सापडलेले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. पोलोच्या गोष्टी मीठ लावूनच घ्याव्या लागतात, पण घोडा या किनाऱ्यावर किती मोलाचा होता ते त्यातून कळते. हत्तींच्या मदाचे काव्य करणाऱ्या राज्याची खरी भूक घोड्यांची होती.

धर्माचे कारण मात्र या युद्धाला चिकटवता येत नाही. दोन्ही घराणी स्वतःला गरुडध्वज म्हणवत. शिलाहार ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे आपण मूळचे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे, असे सांगणारे. यादव ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’, म्हणजे द्वारकेचे. दोघेही बिरुदात बाहेरून आलेले आणि दोघेही शिवाला मानणारे. नावेच पाहा : एकीकडे महादेव, दुसरीकडे सोमेश्वर. एका शंकराने दुसऱ्या शंकराला बुडवले असे म्हटले तर हसू येईल, पण शब्दशः झाले तसेच.

आता शिळांकडे येऊ. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये एकसरच्या आमराईत उभ्या असलेल्या सहा स्मारकशिळांचे सविस्तर वर्णन आहे. त्यातल्या मोठ्या शिळा सुमारे दहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि सहा इंच जाड. वीरगळ आपल्याकडे गावोगाव आहेत, पण ते बहुतेक कमरेच्या, फार तर छातीच्या उंचीचे. आरेखकाची खोड म्हणून मी गणित केले. दहा गुणिले तीन गुणिले अर्धा म्हणजे पंधरा घनफूट दगड. कुठलाही कठीण दगड धरला तरी एका शिळेचे वजन एक टनाच्या वर जाते. खाणीतून काढणे, गाडीवर चढवणे, आणणे, कोरणे, उभे करणे. हे एखाद्या कुटुंबाने उरकलेले दिवसकार्य नव्हे.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. सगळ्यात खाली लढाई आणि मरण. त्यावर अप्सरांनी किंवा गंधर्वांनी वीराला वर नेणे. त्यावर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर कलश. एकसरलाही रचना तीच, पण पट्ट्या जास्त आणि दाट. काही शिळांवर जमिनीवरची लढाई आहे, काहींवर समुद्रावरची. समुद्राच्या एका शिळेवर खालच्या पट्टीत पाच जहाजे रांगेने निघाली आहेत. टोकदार नाळ, एकेक डोलकाठी, बाजूला वल्ह्यांची ओळ. त्याच्या वरच्या पट्टीत चार जहाजांनी एका जहाजाला घेरले आहे आणि माणसे पाण्यात पडत आहेत. त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी वर कैलासावर शिवपार्वती. दुसऱ्या एका शिळेवर अकरा जहाजांची गर्दी आहे.

माझे म्हणणे या ‘पाण्यात पडणाऱ्या’ माणसांपाशी येऊन थांबते. हेमाद्रीने ज्यांना ‘सैन्यासह’ या शब्दात बांधले, ती ही माणसे. शिल्पकाराने त्यांना एकेकटे कोरले आहे. कुणी वाकडा, कुणी उलटा. जहाजापेक्षा माणूस मोठा दाखवायचा, ही त्या काळच्या शिल्पाची रीतच आहे. तरी तिचा परिणाम असा होतो, की बुडणारा माणूस जहाजाहून महत्त्वाचा ठरतो. जहाज हे फक्त तो ज्यावरून पडला ते. वल्ह्यांच्या ओळी तिरप्या रेषांनी काढल्या आहेत, सगळ्या एका कोनात. मी तीस वर्षे ड्रॉइंग बोर्डावर समांतर रेषा मारल्या. या रेषा मारणाऱ्याने जहाज जवळून पाहिले होते, याबद्दल मला शंका नाही. वल्हे पाण्यात नेमके कुठे शिरते ते त्याला माहीत आहे.

आणि दोन्ही बाजूंची जहाजे सारखी आहेत. घेरणारी चार आणि घेरलेले एक, यांच्या बांधणीत मला फरक दिसला नाही. कुठली देवगिरीची, कुठली ठाण्याची? शिळेवर लेख नाही, नाव नाही, शक नाही. हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या १९३१च्या ग्रंथात या शिळांची जोड महादेव-सोमेश्वराच्या लढाईशी लावली आणि पुढच्या इतिहासकारांनी ती उचलून धरली. उलट शैलीवरून या शिळा अकराव्या-बाराव्या शतकातल्या मानणारेही आहेत, आणि धारच्या भोजराजाने कोकण जिंकल्याचा उल्लेख १०२०च्या ताम्रपटांत येतो, त्याच्याशीही त्यांना जोडले गेले आहे. म्हणजे दोन जोडण्यांत जवळजवळ अडीचशे वर्षांचे अंतर. हे नीट समजून घेतले तर आपण केले काय, ते दिसते. आपल्याकडे एक श्लोक होता आणि एक दगड होता. श्लोकाला चित्र नव्हते, दगडाला नाव नव्हते. आपण दोहोंचे लग्न लावून मोकळे झालो.

ते लग्न मोडावे असे मी म्हणत नाही. १२६५च्या आसपासची लढाई हा या शिळांचा सर्वांत संभाव्य संदर्भ आहे, असे मला आजही वाटते. इतक्या मोठ्या आरमारी झुंजीची दुसरी ठळक आठवण या किनाऱ्यावर त्या काळात नाही. माझी हरकत वेगळी आहे. लग्न लावल्यावर आपण शिळेला श्लोकाच्या मागे चालायला लावले. श्लोकात महादेव जिंकला, म्हणून शिळा विजयाची. शिळा स्वतः काय बोलते ते ऐकलेच नाही.

मग शिळा कुणी उभारल्या असतील? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो आणि मी तो स्वतःशी अनेकदा केला आहे. जिंकणाऱ्यांनी उभारल्या, असे म्हणायला खर्चाचा आधार आहे. टनाटनाच्या शिळा उभ्या करायला पैसा आणि सत्ता लागते, आणि १२६५नंतर ती यादवांकडे होती. उलट बाजूने असे, की वीरगळ साधारणपणे वीराच्या गावी किंवा तो पडला तिथे उभा राहतो. घाटावरून आलेल्या सरदाराची आठवण घाटावर, त्याच्या वतनाच्या गावात राहील. साष्टीतल्या या गावात दगड उभे राहिले, ते इथल्या माणसांसाठी असण्याचा संभव जास्त. पश्चिमेला गोराईची खाडी इथून जवळ आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, जरी तो तर्क आहे. देवगिरीकडे हत्ती होते, घोडे होते, पायदळ होते. समुद्र नव्हता. महादेवाने आरमारी लढाई दिली असेल तर जहाजे आणि ती वल्हवणारे हात त्याला याच किनाऱ्यावरून मिळवावे लागले असणार. भाड्याने, धाकाने किंवा फितुरीने. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांवर कोकणातलीच माणसे होती. शिल्पकाराने दोन्हीकडची जहाजे सारखी कोरली, ती निव्वळ संकेतामुळे असतील. पण तो खरे तेच कोरत असण्याचीही शक्यता आहे. त्या दिवशी बहुधा जहाजे खरोखरच सारखी होती.

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात जहाजे कोरलेले वीरगळ आहेत, कदंबांच्या काळाशी जोडले जाणारे. गोव्याच्या कदंबांची समुद्रावर खरोखर सत्ता होती. तिथे वीर कुणाच्या बाजूचा हे कोडे इतके टोचत नाही. एकसरला ते टोचते.

या वर्षाची एक उलटी गंमत कलेच्या इतिहासात घडली आहे. शिलाहारांचे मोठे देणे म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर. त्यातला शिलालेख शके ९८२चा, मुम्मुणी ऊर्फ मांवाणी राजाच्या काळातला, म्हणजे इ.स. १०६०चा. हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी आला. तरी अंबरनाथला सहलीला जाणारी शाळकरी मुले आजही ‘हेमाडपंती मंदिर’ असेच लिहून आणतात. चुना न वापरता दगडात दगड बसवलेले कुठलेही जुने देऊळ आपण हेमाडपंताच्या नावावर टाकले. मोडी त्याची, बाजरी त्याची, देवळे त्याची. ज्याच्या राजाने शिलाहारांचे राज्य घेतले, त्याच्या नावावर लोकांनी शिलाहारांची देवळेही करून दिली. यात हेमाद्रीचा दोष नाही, बिचाऱ्याने मागितलेही नव्हते. पण नाव लिहिणाऱ्याकडे जाते आणि दगड घडवणारा मागे राहतो, हा क्रम इथेही तोच.

त्याच हेमाद्रीने व्रतखंडात व्रतांचा डोंगर रचला. कुठल्या तिथीला काय करावे, काय दान द्यावे, कुणाला जेवू घालावे. आणि नेमक्या त्याच दशकात, त्याच गोदावरीच्या परिसरात चक्रधरस्वामी फिरत होते. महानुभाव पंथाच्या स्थापनेचा काळ साधारण १२६७ धरतात. व्रतांचे आणि कर्मकांडाचे ओझे उतरवून स्त्रीशूद्रांशी मराठीत बोलणारा हा माणूस आणि यादवांचा श्रीकरणाधिप, यांच्यातला विरोध महानुभाव साहित्यात उघड आहे. चक्रधरांनंतर म्हाइंभटाने आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते १२७८च्या सुमाराचे मानतात. मला त्या ग्रंथाचे मोल इथे एका कारणासाठी वाटते. त्याने ज्याला त्याला विचारले, तू काय पाहिलेस, कुठे पाहिलेस. दरबारी प्रशस्तीत जे लोक ‘सैन्यासह’मध्ये जातात, ते लीळाचरित्रात नावानिशी, गावानिशी येतात. दुर्दैव असे की म्हाइंभट गोदेच्या आणि वऱ्हाडच्या मुलखात फिरला. खाडीकाठच्या माणसाला कुणी विचारले नाही, की बाबा, तू त्या दिवशी कुठल्या जहाजावर होतास?

तरी कोकणात मराठी मुकी नव्हती. शिलाहारांच्या लेखांत दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचा शाप येतो, परळच्या ११८७च्या लेखात तो मराठीतच आहे. संस्कृतात राजाची बिरुदे आणि मराठीत शिवी, अशी ती वाटणी. शाप लोकांना समजला पाहिजे, म्हणून लोकांच्या भाषेत. वीरगळाला मात्र शब्दांची गरजच वाटली नाही. खाली बुडाला, वर पोचला. ज्याला कळायचे त्याला कळले.

आणि तो पोचला कुठे? कैलासावर. एकसरच्या शिळेचा धर्म मला इथे हेमाद्रीच्या धर्माहून वेगळा दिसतो. व्रतखंडाच्या वाटेने पुण्य मिळवायला तिथी लागते, दान लागते, पुरोहित लागतो. शिळेवरच्या माणसाकडे यातले काही नव्हते. तो खाऱ्या पाण्यात मेला, कदाचित दहनही झाले नाही. तरी वरच्या पट्टीत तो शिवलिंगासमोर बसला आहे. हा हक्क त्याला कुणी दिला, याचा हिशेब शिळा मागत नाही. इथून अर्ध्या तासाच्या चालीवर मंडपेश्वरच्या लेण्यात नटराज आहे, लकुलीश आहे, या घटनेच्या कित्येक शतके आधीचे. या टापूला शिव नवा नव्हता, आणि तो कुणा एका घराण्याचाही नव्हता.

गेल्या जानेवारीत मी पुन्हा शिळा पाहायला गेलो. सकाळचे ऊन तिरपे असते, झिजलेले कोरीव काम तेव्हाच उठून दिसते. हातात टेप आणि वही. एक बाई दिवा लावायला आल्या होत्या. त्यांनी मला जरा वेळ न्याहाळले आणि विचारले, “भाऊ, सर्व्हेला आलात का? बिल्डिंगचं काही ठरलं?” मी म्हटले, “नाही हो ताई, जहाजं मोजतोय.” त्या हसल्या. दिवा लावला, एक फूल उचलून खालच्या पट्टीवर ठेवले आणि गेल्या. फूल नेमके पाण्यात पडणाऱ्या माणसांवर बसले होते. ते बाजूला करून मोजमाप घ्यावे की नाही, याचा निर्णय मला बराच वेळ करता आला नाही. शेवटी त्या पट्टीची रुंदी मी दुसऱ्या खेपेला घेतली.

फलकाचा मजकूर मी मंडळाला बदलून दिला. ‘विजय’ काढला. ‘सुमारे’ घातले. लिहिले, की या स्मारकशिळांवर समुद्रावर आणि जमिनीवर लढताना मेलेल्या वीरांची दृश्ये आहेत. त्या शिलाहार राज्याच्या अखेरच्या युद्धाशी, इ.स. १२६५च्या सुमाराच्या, जोडल्या जातात. काही अभ्यासक त्या याहून जुन्या मानतात. वीरांची नावे आणि त्यांची बाजू शिळेवर कोरलेली नाही. मंडळाचे तरुण कार्यकर्ते घरी आले. मुले चांगली आहेत, मनापासून काम करतात. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि एकाने विचारले, “काका, पण मग जिंकलं कोण ते लिहायला नको का? लोक तेच विचारतात.” मी त्याला सांगितले, की जिंकले महादेवाने, ते हेमाद्रीने लिहून ठेवले आहे, आणि हा दगड ज्यांच्यासाठी आहे ते त्या वाक्यात नाहीत. त्याने वहीत काहीतरी टिपून घेतले. फलक अजून छापायचा आहे.